खाऱ्या मातीतल्या भाज्या आणि यकृताचे आरोग्य

भरतीचे पाणी जिथवर चढते आणि ओसरताना मागे मिठाची पांढुरकी पुटे ठेवून जाते, त्या कोकणच्या खाजणांत व खारजमिनीच्या बांधांवर मोरस, धापा यांसारख्या ज्या मांसल पानांच्या वनस्पती माजतात, त्यांच्याकडे शेतकऱ्याने तण म्हणून आणि महसुली दप्तराने पोटखराब्यातला झाडोरा म्हणूनच आजवर पाहिले. किनाऱ्यावरच्या काही घरांत मोरसाचे कोवळे शेंडे खुडून, उकडून, पहिले पाणी टाकून त्यांची सुकटीबरोबर भाजी होते हे खरे, परंतु त्या भाजीला बाजारात भाव नव्हता आणि वैद्यकात नाव नव्हते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र ट्युनिशिया, पोर्तुगाल, कोरिया, इराण आणि आपल्याकडील केरळ व तमिळनाडू येथील प्रयोगशाळांनी या वनस्पती मोठ्या उत्साहाने तपासावयास घेतल्या असून, त्यांत विपुल असलेली प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये, म्हणजे व्यवहारात ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात ती, यकृताचे रक्षण करतात असा सिद्धान्त हळूहळू आकारास आला आहे. या सिद्धान्ताच्या पाठीशी पुरावा किती, तो कोणत्या प्रतीचा आणि त्यावरून सामान्य माणसाने काय खावे, याचा आढावा घेण्याची वेळ आता आली आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो: या वनस्पती ताटात याव्यात, औषधाच्या कपाटात इतक्यात जाऊ नयेत, आणि त्यांच्या गुणांची चर्चा करणाऱ्यांनी त्यांच्या अंगी मुरलेल्या मिठाचा हिशेब आजवर फारच ढिलाईने ठेवला आहे.

लवणसह वनस्पती कोणती म्हणावी याविषयी शास्त्रज्ञांनी एक मर्यादा घालून दिली आहे. लिटरमागे सुमारे 12 ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर जी वनस्पती उगवून, फुलून, बी धरून आपले जीवनचक्र पुरे करते ती लवणसह. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण सुमारे 35 ग्रॅम असते, तर भातासारखे पीक याच्या लहानशा अंशानेच माना टाकू लागते. सपुष्प वनस्पतींपैकी जेमतेम एक टक्का जाती या कसोटीस उतरतात, पण त्यांचे गोत आपल्याला अगदीच परके नाही; पालक, चाकवत, बीट आणि अलीकडे शहरी दुकानांत दिसू लागलेला किनवा ही मंडळी मोरसाच्याच कुळातली आहेत, आणि त्यांतल्या पालक-बिटांच्या अंगीही खाऱ्या पाण्याविषयी थोडीफार सहिष्णुता उतरलेली आहे.

या वनस्पतींत प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये अधिक का असावीत, याचे उत्तर त्यांच्या जगण्याच्या रीतीतच आहे. मुळांभोवती मीठ दाटले की पाणी शोषणे कठीण होते, पाणी राखण्यासाठी पानांची छिद्रे मिटावी लागतात, छिद्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा आखडतो, परंतु माथ्यावरचा सूर्यप्रकाश काही कमी होत नाही. परिणामी हरितद्रव्याने पकडलेली ऊर्जा वापरावयास वाट न मिळाल्यामुळे ती ऑक्सिजनच्या अंगावर जाते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी उपद्रवी रूपे पेशीत निर्माण होतात. साधी वनस्पती या माऱ्याखाली कोसळते. लवणसह वनस्पती सोडियम पेशीच्या मध्यभागी असलेल्या रिक्तिकेत कोंडून ठेवते, बाहेरच्या पेशीद्रवात समतोल राखण्यासाठी ग्लायसीन बीटेन नावाचे निरुपद्रवी द्रव्य साठविते, आणि सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटॅलेज ही एंझाइमे, क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, फ्लॅव्होनॉइडे यांची तजवीज सदैव करून ठेवते. पाणी आटून माती अधिक खारट झाली की मोरसाची आणि त्याच्याच कुळातल्या सॅलिकॉर्नियाची झुडपे लालबुंद होतात. तो रंग बिटातील रंगाच्याच जातीच्या द्रव्यांचा असून तीही प्रतिऑक्सिडीकारकच आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण पुढे ती पुनःपुन्हा आडवी येणार आहे. ही द्रव्ये वनस्पतीने परिस्थितीच्या रेट्याखाली निर्माण केलेली असतात. म्हणून एकाच जातीच्या दोन झुडपांत त्यांचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. ट्युनिशियातील संशोधकांनी 2007 साली काकिले मरिटिमा या किनारी वनस्पतीचे दोन वाण एकत्र वाढवून पाहिले. एक जेर्बा बेटावरच्या रखरखीत हवेतला, दुसरा ताबार्काच्या ओलसर किनाऱ्यावरचा. मीठही जेर्बाच्या वाणाने अधिक सोसले आणि पॉलिफेनॉलेही त्याच्याच पानांत अधिक भरली. म्हणजे जातीचे लॅटिन नाव सांगितल्याने औषधाची मात्रा सांगितल्यासारखे होत नाही. कोणत्या किनाऱ्यावरची, कोणत्या महिन्यात खुडलेली आणि किती खाऱ्या पाण्यावर पोसलेली, हे सांगावे लागते, आणि यकृतावरील बहुसंख्य निबंधांत हा तपशील एक-दोन ओळींतच आटोपलेला असतो.

आता यकृताकडे वळू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दीड किलो वजनाचे हे इंद्रिय आतड्यातून येणारे सारे रक्त प्रथम तपासते. पोटात गेलेले अन्न, औषध, मद्य, विष यांपैकी बहुतेक सारे त्याच्या नजरेखालून गेल्यावरच उर्वरित शरीराच्या वाट्याला जाते. या तपासणीतच त्याच्या दुखण्याचे मूळ आहे, कारण विषाचे विघटन करताना काही वेळा मूळ विषाहून घातक असे मधले पदार्थ तयार होतात. कार्बन टेट्राक्लोराइड पोटात गेले तर यकृतातील एका एंझाइमाच्या क्रियेने त्याचे मुक्त मूलक बनते आणि ते पेशींच्या स्निग्ध आवरणांना पोखरीत जाते. तापावर आपण घरोघर घेतो ते पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतले तर त्यापासून झालेला विषारी अंश यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा संपवितो, आणि म्हणूनच ग्लुटाथायोनची भरपाई करणारे एन-ॲसिटिल सिस्टिन हे औषध त्या विषबाधेवर वेळीच दिले असता रोगी वाचतो. ऑक्सिडीकरणाची इजा आणि तिचे निवारण ही दोन्ही यकृताच्या बाबतीत काल्पनिक नाहीत, हे या उदाहरणाने प्रतिऑक्सिडीकारकांच्या पक्षकारांना मोकळेपणाने देऊन टाकले पाहिजे. मद्य न घेणाऱ्यांतही यकृतात चरबी साठण्याचा जो विकार आज फोफावला आहे, आणि भारतातील अभ्यासांच्या 2022 मधील एका एकत्रित विश्लेषणाप्रमाणे ज्याचे प्रमाण प्रौढांत सुमारे 38 टक्के आढळते, त्यातही साठलेल्या चरबीचे ऑक्सिडीकरण, त्यातून दाह आणि दाहातून तंतुमयता अशी परंपरा मानली जाते.

या पार्श्वभूमीवर प्रयोग कसे होतात ते एकदा जवळून पाहणे इष्ट आहे, कारण या विषयावरील शंभर निबंधांपैकी बहुतेकांचा साचा हाच असतो. पांढरे उंदीर पाच-सहा गटांत वाटतात. वनस्पती सावलीत वाळवून, कुटून, अल्कोहोलमध्ये भिजवून, द्रावक उडवून जो चिकट अर्क उरतो तो काही गटांना आठवडा-पंधरा दिवस रोज नळीने पाजतात. एका गटाला त्याऐवजी सिलिमरिन, म्हणजे युरोपातल्या एका काटेरी झुडपाच्या बियांतले प्रसिद्ध यकृतरक्षक द्रव्य देतात. मग कार्बन टेट्राक्लोराइड तेलात मिसळून टोचतात, किंवा पॅरासिटामॉलची जबर मात्रा देतात, आणि पुढे रक्त काढून एसजीपीटी, एसजीओटी ही यकृताची एंझाइमे आणि बिलिरुबिन मोजतात. शेवटी यकृत काढून त्याच्या लगद्यात ग्लुटाथायोन व कॅटॅलेज किती उरले आणि चरबीच्या ऑक्सिडीकरणाची खूण किती वाढली ते पाहतात, व एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. अर्क घेतलेल्या उंदरांची एंझाइमे कमी चढली, ग्लुटाथायोन अधिक टिकले, की वनस्पती यकृतरक्षक ठरली.

या साच्यात खाऱ्या मातीच्या अनेक वनस्पती उतरल्या आहेत. खाडीकाठच्या मारांडीच्या पानांचा अर्क कार्बन टेट्राक्लोराइडपासून उंदरांच्या यकृताचे रक्षण करतो असे केरळमधील संशोधकांनी 2001 साली दाखविले. मारांडी ही भाजी नव्हे, पण किनारी वनस्पतींच्या यकृतरक्षणावर आपल्याकडे जे आरंभीचे काम झाले त्यांत तिचा मान मोठा आहे. खापरा, ज्याची पाने गरीबगुरीब भाजी म्हणून खातात, त्याचा पॅरासिटामॉल आणि थायोॲसिटामाइड या दोहोंच्या बाधेत उंदरांना उपयोग झाल्याचा निबंध 2004 मध्ये आला. आपल्या मोरसाची पाळी 2011 च्या सुमारास आली, आणि तेथे तमिळनाडूतील संशोधकांनी कॉनकॅनॅव्हेलिन-ए या द्रव्याने यकृतदाह घडवून आणून त्यावर पानांचा अर्क वापरला. ही निवड मला विशेष वाटते, कारण हे द्रव्य प्रतिकारशक्तीलाच यकृतावर उठवते आणि म्हणून त्याने होणारा दाह रासायनिक विषबाधेपेक्षा विषाणुजन्य काविळीच्या अधिक जवळ जातो. कोरियात हामचो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॅलिकॉर्नियातून तर क्लोरोजेनिक आम्लाच्या घराण्यातले एक नवेच संयुग वेगळे काढले गेले, आणि परीक्षानळीत वाढविलेल्या यकृतपेशींत ते ऑक्सिडीकरणाची इजा व चरबीची निर्मिती दोन्ही आवरते असे तेथील निबंध सांगतात. इटलीच्या पुलिया प्रांतातून, जिथे क्रिथ्मम ही कड्यांवर उगवणारी वनस्पती लोणच्यात घालतात, यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवरील काम 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तेही पेशींवरचे आहे आणि तेवढेच म्हणून वाचावे.

घोळीचे प्रकरण याहून समृद्ध आहे, कारण ती मीठ मध्यम प्रमाणात सोसत असली तरी तिचा संबंध खाडीपेक्षा परसाशी अधिक आहे आणि तिचे रसायन सर्वांत नीट मोजले गेले आहे. अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात 100 ग्रॅम ताज्या पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, 12.2 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, 26.6 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 14.8 मिलिग्रॅम ग्लुटाथायोन सापडले. पालेभाजीच्या मानाने ओमेगा-3 जातीच्या स्निग्धाम्लाचा हा साठा असाधारण आहे. इराणमध्ये घोळीचे बी आणि अर्क मेदयुक्त यकृताच्या रोग्यांना काही आठवडे देऊन चाचण्याही झाल्या, आणि या सबंध क्षेत्रात माणसांवर झालेले थोडेसे काम मुख्यतः हेच आहे. त्यांतून निघालेला निकाल मात्र एकमुखी नाही. काही ठिकाणी रक्तशर्करा व स्निग्धांश सुधारले, यकृताची एंझाइमे कुठे उतरली तर कुठे तुलनेच्या गटाहून वेगळी दिसली नाहीत. रोगी थोडे, कालावधी अल्प, आणि दोन्ही गटांना बहुधा आहारनियमनही सांगितलेले; अशा चाचणीत भाजीचे श्रेय कोणते आणि कमी जेवण्याचे कोणते हे वेगळे करणे अवघड असते.

श्रेय वेगळे करण्याची ही अडचण किती खोल आहे, हे वाळवंटातल्या एका उंदराच्या कथेने जसे कळते तसे दुसऱ्या कशानेही कळणार नाही. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील ओसाड प्रदेशांत सॅमोमिस नावाचा एक उंदीर राहतो, आणि त्याचे जेवण म्हणजे मुख्यतः ॲट्रिप्लेक्स हालिमस या खाऱ्या झुडपाची पाने; पानावरचा खारट थर तो दातांनी खरवडून टाकतो व आतला रसाळ भाग खातो. रानात तो सडपातळ आणि निरोगी असतो. प्रयोगशाळेत आणून त्याला साध्या उंदरांचे ठरावीक धान्यान्न दिले तेव्हा तो लठ्ठ झाला व त्याला मधुमेह जडला, हे 1964 साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे त्याच अन्नावर त्याच्या यकृतात चरबीही साठते असे दिसून आल्यामुळे मेदयुक्त यकृताच्या अभ्यासासाठी तो वापरला जाऊ लागला. झुडपात मधुमेहनाशक द्रव्य असले पाहिजे, हा तर्क साहजिकच निघाला. 1969 साली त्याच्या पानांचा शर्करानाशक गुण तपासणारा निबंधही आला. परंतु या कथेचा दुसरा अर्थ तितकाच सरळ आहे: पाणी, मीठ आणि चोथा यांनी भरलेले, उष्मांकांनी दरिद्री असे खाद्य पिढ्यान्‌पिढ्या खाऊन घडलेल्या प्राण्याला एकाएकी धान्याची मेजवानी मिळाली, आणि त्याचे शरीर ती पेलू शकले नाही. पाने औषध होती असे म्हणावयाचे, की धान्य रोग होते असे? मला दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो, आणि पोळी-भात-साखर यांवर बसून काम करणाऱ्या आपल्या शहरी वर्गाच्या यकृताची कैफियत ऐकताना तो अधिकच सबळ वाटू लागतो.

प्रयोगांविषयीचे माझे इतर आक्षेप थोडक्यात मांडतो. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी दिलेला असतो. रोग झाल्यावर नव्हे. माणूस मात्र दवाखान्यात येतो तो यकृत बिघडल्यावर. उंदराला दिलेली मात्रा शरीराच्या वजनाच्या हिशेबाने माणसाला लावली तर कित्येकदा ती भाजीच्या कोणत्याही वाटीत मावणार नाही. आणि ज्या कार्बन टेट्राक्लोराइडपासून वनस्पती रक्षण करते, त्याच्या विघटनाची पहिली पायरी घडविणारे एंझाइमच अर्काने मंदावले असेल तर विष बनलेच नाही, असा त्याचा अर्थ. तो यकृताचा प्रतिऑक्सिडीकारक बचाव ठरत नाही.

या देशाला अशा आशेची एक जुनी साक्ष आहे. भुईआवळीच्या चूर्णाने यकृतदाहाच्या ब विषाणूचे वाहक बरे होतात असा चेन्नईच्या संशोधकांचा निबंध 1988 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेल्याचे त्यात नमूद होते, आणि नोबेल पारितोषिक मिळविणारे बारूक ब्लमबर्ग त्याचे सहलेखक होते. तरीही थायलंडमध्ये आणि अन्यत्र ती चाचणी पुन्हा केली असता तसा गुण आला नाही. तो निबंध माणसांवरचा होता, उंदरांवरचा नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे मोरस आणि हामचो यांचा पुरावा कोणत्या पायरीवर आहे ते समजते.

उलट बाजूने, प्रतिऑक्सिडीकारक म्हणून मोठ्या मात्रेत दिलेले द्रव्य यकृताला उपयोगी पडूच शकत नाही असेही म्हणता येत नाही. ई जीवनसत्त्वाच्या रोज 800 युनिटांनी, 96 आठवड्यांनंतर, दाहयुक्त मेदयकृत असलेल्या मधुमेहरहित रोग्यांपैकी 43 टक्क्यांच्या यकृताच्या तुकड्यात सुधारणा दिसली, आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ती 19 टक्क्यांत दिसली. 2010 साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आजही आधारभूत मानतात. पण ही मात्रा औषधाची होती, आणि तेच जीवनसत्त्व अन्य एका मोठ्या चाचणीत पुरुषांमधील प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या वाढीव प्रमाणाशी जोडले गेले. हिरव्या चहाचा कप निरुपद्रवी, पण त्याच चहातील द्रव्याचा गाढ अर्क रोज 800 मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताची एंझाइमे चढू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने 2018 मध्ये दिला. महामारीच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्यांपैकी काहींना प्रतिकारशक्तीतून उद्भवणाऱ्या यकृतदाहासारखा विकार झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केल्या, आणि त्यावर वादही झाला. भाजी आणि तिचा अर्क ही दोन निराळी प्रकरणे आहेत. एकीच्या निर्दोषपणाचा जामीन दुसरीला मिळत नाही.

मग या वनस्पतींत यकृताच्या दृष्टीने खरोखर विचार करण्याजोगे काय आहे? माझ्या मते प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांच्या गजरात ज्याच्याकडे दुर्लक्ष झाले ते ग्लायसीन बीटेन. मिठाशी झुंजण्यासाठी मोरसाने आणि बिटाच्या कुळाने साठविलेले हे द्रव्य मनुष्याच्या यकृतात मिथिल गटाचा पुरवठा करते, होमोसिस्टिनचे मिथिओनिनात रूपांतर घडविते, आणि यकृतातून चरबी बाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या द्रव्यांच्या निर्मितीला हातभार लावते; प्राण्यांत मद्यजन्य मेदयकृत बीटेनने आटोक्यात येते हे पुष्कळ वेळा दिसले आहे. पण येथेही माणसांवरच्या चाचणीने पाय जमिनीवर आणले. 55 रोग्यांना रोज 20 ग्रॅम बीटेन किंवा दिखाऊ औषध वर्षभर देऊन 2009 मध्ये निकाल आला तो असा की, चरबी कमी झाली नाही. ती आणखी वाढण्यास कदाचित थोडा अटकाव झाला असावा. आणि रोजचे 20 ग्रॅम शुद्ध बीटेन भाजीतून मिळविणे कोणाही माणसाला शक्य नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मिठाचा. समुद्राच्या पाण्यावर पोसलेल्या सॅलिकॉर्नियाच्या 100 ग्रॅम ताज्या शेंड्यांत सुमारे 1 ग्रॅम सोडियम असते, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठी सांगितलेल्या दिवसाच्या 5 ग्रॅमांपैकी निम्मे एका वाटीत संपले. ज्याचे यकृत काठिण्याने आक्रसले असून पोटात पाणी झाले आहे, त्या जलोदराच्या रोग्याला वैद्य जवळपास त्याच 5 ग्रॅमांच्या मर्यादेत दिवसभराचे सारे मीठ बसवावयास सांगतात, कारण त्याची मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात आणि सोडियमबरोबर पाणी. यकृतरक्षक म्हणून गाजलेली भाजी नेमक्या या रोग्याला, तीही लोणच्याच्या किंवा चूर्णाच्या रूपात मिळाली, तर अपाय होईल, आणि या क्षेत्रातील निबंधांत तसे बजावून सांगितलेले क्वचितच आढळते. कोरियात उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात सॅलिकॉर्नियाच्या अर्कातून गेलेल्या सोडियमने निव्वळ मिठाइतका रक्तदाब वाढविला नाही, हे खरे. पण त्यावरून रोग्याला सूट देणे धाडसाचे होईल. चरकाने अतिसेवन वर्ज्य म्हणून तीनच द्रव्ये निवडली, पिप्पली, क्षार आणि लवण. आणि याच कुळातली खारी झुडपे जाळून काढलेला सज्जीखार आपल्या पापडात पिढ्यान्‌पिढ्या पडत आला, पण तो चिमटीने पडत आला.

किनाऱ्यावरच्या गृहिणीची रीत या बाबतीत पुष्कळ निबंधांहून शहाणी आहे. शेंडे उकडून ते पाणी फेकले की मिठाचा मोठा भाग त्याबरोबर जातो, या कुळातील सर्वच भाज्यांत असणाऱ्या ऑक्झॅलेटचाही काही अंश जातो, आणि पुढे फोडणीत मीठ घालण्याची गरज उरत नाही. अर्थात क जीवनसत्त्व आणि पाण्यात विरघळणारी पॉलिफेनॉलेही त्याच पाण्याबरोबर मोरीत जातात. म्हणजे प्रयोगशाळेने ज्याची मोजदाद केली ते ताटात येतच नाही. वाळवून, अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेल्या अर्काचा निकाल या शिजविलेल्या भाजीला कसा लावावयाचा, हा प्रश्न कोणी फारसा विचारलेला नाही.

भाजी कोठून खुडली, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्या धाप्याची मोकळ्या किनाऱ्यावर भाजी होते, तोच धापा आर्सेनिक कितपत शोषतो व सोसतो, याचा अभ्यास पुणे आणि तुर्भे येथील शास्त्रज्ञांनी केला आहे, आणि गिरण्यांच्या सांडपाण्याने नासलेली जमीन शुद्ध करण्यासाठी त्याची शिफारस होते. जी वनस्पती जमिनीतले जड धातू उचलते म्हणून स्तुत्य ठरते, ती औद्योगिक खाडीच्या काठावरून तोडून यकृतरक्षणासाठी खाणे यासारखा उलटा व्यवहार नाही. कॅडमियमसारख्या धातूंचा पहिला साठा यकृतात आणि मूत्रपिंडांतच होतो. ठाण्याच्या खाडीकाठचा मोरस कितीही तजेलदार दिसला तरी तो खाऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

म्हणून रानातून खुडण्याऐवजी लागवड हाच मार्ग उरतो, आणि तो नवा नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यावर सॅलिकॉर्नियाचे तेलबी पिकविण्याचे प्रयोग 1991 साली प्रसिद्ध झाले. इस्रायलमध्ये दिवसाची लांबी कृत्रिम प्रकाशाने वाढवून, झुडपांना फुलावर न येऊ देता, त्यांची पुनःपुन्हा कापणी घेण्याची पद्धत बसविण्यात आली. हॉलंडमध्ये ही भाजी माशांच्या दुकानांत मिळते. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने सॅलिकॉर्नियापासून खनिजयुक्त वनस्पतिजन्य मीठ काढून त्याचे पेटंट घेतले. कोकणात मात्र बांध फुटून खारे पाणी शिरलेली शेते हे खारभूमी खात्याचे जुने दुखणेच राहिले आहे. 1948 चा कायदा झाला, 1979 चा झाला, पनवेलच्या केंद्राने खारे पाणी सोसणारे भाताचे वाण दिले, पण जिथे तो भातही उभा राहत नाही त्या जमिनीत स्वच्छ भरतीच्या पाण्यावर मोरस लावून पाहण्याची तजवीज अद्याप खात्याच्या कारभारात दिसत नाही.

असा मोरस पिकलाच, तर त्याची यकृतावरची चाचणी कशी व्हावी याविषयी एवढेच सुचवितो. रोग्यांना अर्काच्या गोळ्या न देता घरात शिजते तशी, पाणी टाकून केलेली भाजी द्यावी, आणि प्रत्येक खेपेला तिच्यातले सोडियम व जड धातू मोजावेत. जलोदराचे आणि मूत्रपिंडाचे रोगी पहिल्याच दिवशी वगळावेत. निर्णय एसजीपीटीच्या चढउतारावर न ठेवता वर्षाच्या दोन्ही टोकांना यकृतातली चरबी एमआरआयने मोजून करावा. आणि तुलनेच्या गटाला दिखाऊ गोळी न देता तितक्याच वजनाचा पालक किंवा चाकवत द्यावा, कारण कोणतीही हिरवी भाजी पोळीची जागा घेते तेव्हा यकृताला जो थोडा आराम मिळतो तो सर्वच पालेभाज्यांच्या समाईक खात्यातला आहे. मोरसाला त्यावर स्वतःच्या नावाचे काही जमा करता येते का, एवढेच त्या चाचणीने पाहावयाचे.